गाडीच उचलत नव्हती, आक्का

आक्का,

तुला जाऊन काल तीन आठवडे झाले. घरात येणारं-जाणारं माणूस तुझ्याबद्दल चांगलंच बोलतं आणि मला ते ऐकवत नाही. "लई मायाळू होती" म्हणतात. होतीस. पण तू हट्टी होतीस, तोंडानं फटकळ होतीस, आणि भांडण अर्ध्यावर टाकून चहा ठेवायला उठून जायचीस, हे कुणी सांगत नाही. आपलं शेवटचं भांडण तसंच अर्ध्यावर पडलंय. ते गाडीवरून होतं. त्यात तुझं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. हे कळूनही मी सात महिने गप्प बसलो. सात महिने आपण आठवड्यातून तीनदा त्याच गाडीत शेजारी-शेजारी बसत होतो.

तू हे वाचणार नाहीस, मला माहीत आहे. तू कुठूनतरी बघत असशील, असंही मला वाटत नाही. कुणीतरी तसं म्हणालं की मी उठून वरच्या खोलीत जातो.

ही वरची खोली तू मला दिलीस, त्याला तीन वर्षं झाली. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मी त्रेचाळीसचा होतो. लग्न केलेलं नव्हतं. छापखान्यातलं काम सुटलं होतं. तू शहरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आलीस, कपडे पिशवीत भरलेस आणि मला गडमुडशिंगीला घेऊन आलीस. "दाजींना विचारलंस का?" असं मी विचारलं, तर म्हणालीस, "इचारायचं काय त्यात? सांगितलं."

पहिल्याच महिन्यात तू स्वतःची किडनी द्यायला निघालीस. मी नको म्हणत होतो, तू ऐकत नव्हतीस. शेवटी तपासणीत तुझं बीपी फार वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. दोन दिवस तू कुणाशी बोलली नाहीस. तुला गोळ्या लिहून दिल्या होत्या. तू त्या घेत होतीस का? मी कधी विचारलं नाही. आता बसून आठवतो तर एवढंच आठवतं की त्या दिवशी तुझं बीपी कळलं ते माझ्या किडनीच्या निमित्तानं. तुझ्यासाठी म्हणून ते पुन्हा कुणी मोजलंच नाही. मीही नाही. माझं मात्र तू रोज दोनदा मोजायचीस.

मग डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास. दाजी शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, त्यांच्या शिफ्टी बदलत्या. रिक्षानं जायचं तर येताना मला उलट्या व्हायच्या. दाजींनी कधीकाळी घेतलेली जुनी पांढरी गाडी दारात धूळ खात उभी होती. तू एकोणपन्नासाव्या वर्षी ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलंस. गल्लीतल्या बायका हसल्या. तू शाळेतल्या प्रयोगशाळेची नोकरी मुदतीआधी सोडलीस. सव्वीस वर्षं पोरांना परीक्षानळ्या आणि भिंगं काढून दिलीस, कपाटं पुसलीस, आणि निरोपसमारंभाला थांबली नाहीस, कारण तो गुरुवार होता.

गाडी तू चांगली चालवायचीस. हळू, पण चांगली.

मागच्या पावसाळ्यानंतर कधीतरी तू म्हणायला लागलीस, "पिकअपला कायतरी झालंय रं. एक्सलेटर दाबला की गाडी इचार करती, मग निघती." मला काही जाणवत नव्हतं. मी खिडकीला डोकं टेकून पडलेला असायचो. गल्लीच्या तोंडाशी शिवा मिस्त्रीचं गॅरेज आहे, तिथं तू गाडी नेलीस. त्यानं एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले. दोन दिवसांनी तू परत गेलीस. त्यानं इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी उघडली, आतला काळा कार्बन पुसून काढला. तू म्हणालीस, जरा बरं वाटतंय, पण तेच आहे. मग त्यानं बॉनेट उघडं ठेवून, न्यूट्रलमध्ये, हातानंच रेस देऊन दाखवली. इंजिन झटक्यात गुरगुरलं.

"बघा की वैनी. हाय का काय लेट? कडक गाडी हाय."

मग तू गाडी शहरातल्या मोठ्या गॅरेजात घेऊन गेलीस, मीही होतो. तिथल्या माणसानं स्कॅनर लावला, पडद्यावरच्या रेषा दाखवल्या. बिघाडाचा एकही कोड नाही, सेन्सर सगळे ठीक. तो तुझ्याशी न बोलता माझ्याशी बोलला. "साहेब, गाडी ओके हाय. मॅडमचा पाय हलका हाय. जरा दाबून चालवा म्हणावं."

आणि मी हसलो, आक्का. मी हसून मान हलवली. ते हसणं तू बघितलंस. घरी येईपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस आणि मला वाटलं, तुला ट्रॅफिकचं टेन्शन आलंय.

त्या दिवसापासून तू शाळेतली एक जुनी वही काढलीस. प्रयोगवही होती, अर्धी कोरी. त्यात लिहायला लागलीस. चढावर होतं. सिग्नलवरून निघताना होतं. एकदा वेग धरला की होत नाही. थंड इंजिन, गरम इंजिन, फरक नाही. एसी बंद करून बघितला, फरक नाही. दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरून बघितलं, फरक नाही. मी म्हणालो, "एवढं काय चाललंय?" तर म्हणालीस, "एका येळी एकच गोष्ट बदलायची, मग कळतं. पोरांस्नी हेच सांगत हुतो सव्वीस वर्सं." तुझं ते 'सांगत हुतो', 'जातो', 'येतो'. पुण्याला गेल्यावर तुझी लेक रूपा 'जाते', 'येते' म्हणायला लागली. तू शेवटपर्यंत आपल्याकडच्या बायांसारखीच बोललीस.

मग तो गुरुवार.

उसाचा सीझन होता. हायवेच्या पुलाखालच्या चौकात आपण थांबलो होतो. उजवीकडून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येत होता, पण लांब होता, भरपूर लांब. तू निघालीस. गाडी दोन हात पुढे गेली आणि तिथंच रेंगाळली. बंद पडली नाही, नुसती दम धरून राहिली. एक सेकंद असेल, दीड असेल. ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला, मागची ट्रॉली वाकडी झाली, चार-सहा ऊस रस्त्यावर पडले. मग गाडीनं एकदम उसळी घेतली आणि आपण पलीकडे गेलो. तो मागून ओरडला, "ओ बाई, झोपलाय काय!"

त्याचं काही नाही. तो परका होता. मी काय ओरडलो ते तुला पाठ असेल. मलाही पाठ आहे. "जमत न्हाय तर चालवतीस कशाला? मला मारायलाच घेऊन निघालीस व्हय?"

तू गाडी कडेला घेतलीस. दोन्ही हात स्टीअरिंगच्या चाकावर तसेच होते. तू म्हणालीस, "मी दाबलं हुतं रं. खालपर्यंत दाबलं हुतं. गाडीच उचलली न्हाय."

"दरवेळी गाडीचंच काढतीस," मी म्हणालो.

तू नाक पुसलंस, आरशात बघितलंस, इंडिकेटर दिलास आणि मला दवाखान्यात नेलंस. चार तास बाहेरच्या बाकावर बसून लसूण सोललास. सुया काढल्यावर रोजच्यासारखी आत आलीस आणि माझ्या हातावरचा कापूस दहा मिनिटं दाबून धरलास. घरी परत आणलंस. मला वाटलं, विसरलीस.

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. दवाखान्याच्या पार्किंगमधून तू गाडी मागं घेत होतीस. मागं घेतलीस, थांबलीस, पुढे घेतलीस, पुन्हा मागं घेतलीस. मी डायलिसिस करून पिळून निघालेलो होतो.

"आरं, मागं घेताना गाडी कशी झटक्यात येती?" तू म्हणालीस. "म्होरं जाताना इचार करती, मागं येताना न्हाय. असं का?"

"आक्का, घरी चल."

"पाय तर त्योच हाय की माझा."

"आक्का, मला मळमळतंय. चल."

तू चललीस. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तू मला शिवाच्या गॅरेजात नेलंस. का नेलंस ते तेव्हा कळलं नाही. मी तिथं प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हाला बसलो. तू शिवाला म्हणालीस, "बॉनेट उघड आन गाडीत बस. हँडब्रेक वढ, ब्रेकवर पाय ठेव, पयला गिअर टाक आन जरासा क्लच सोड. इंजिनावर लोड येऊ दे."

"बंद पडंल की वैनी."

"पडू दे. परत चालू कर."

त्यानं तसं केलं. इंजिन जागच्या जागी एका अंगावर कललं. तू पर्समधला छोटा आरसा काढून वाकलीस आणि एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत जाणाऱ्या त्या रबरी पाईपच्या खाली धरलास. तो पाईप घड्यांचा असतो, पाण्याच्या पंपाला लावतात तसा. "आता रिव्हर्स टाक." इंजिन दुसऱ्या अंगावर कललं. "आता परत पयला." मग तू नुसती तशीच वाकून राहिलीस. पाठ हलत नव्हती. मला वाटलं, कंबर धरली.

"शिवा, खाली ये. हे बघ."

पाईपच्या खालच्या बाजूला, घडीच्या आत, चीर होती. गाडी उभी असली की मिटलेली. इंजिन पुढे जाण्यासाठी जोर लावून कललं की ओठासारखी उघडायची. तिथून फुकटची हवा आत शिरायची, जी सेन्सरनं मोजलेलीच नसायची. हवा जास्त, पेट्रोल त्या मानानं कमी, म्हणून गाडी दम धरायची. रिव्हर्समध्ये इंजिन उलट्या अंगाला कलायचं आणि चीर दाबली जायची. हे सगळं शिवानंच नंतर मला समजावून सांगितलं. त्या वेळी तो एवढंच म्हणाला, "आयला."

मग म्हणाला, "वैनी, ह्या पायपाला मी कितीदा हात लावलाय की."

"लावलास. पर उभ्या गाडीत लावलास."

इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगचं एका बाजूचं रबरही दबून बसलं होतं, म्हणून ते गरजेपेक्षा जास्त कलत होतं. दुपारपर्यंत दोन्ही बदलून झालं. तू गाडी काढलीस, गल्लीच्या चढावर नेलीस, थांबवलीस आणि निघालीस. गाडी अशी निघाली, की मागं उडालेली धूळ मला खुर्चीतून दिसली. तू वळून आलीस, काच खाली केलीस. शिवा टाळ्या वाजवत होता. तू त्याच्याकडे बघितलं नाहीस. माझ्याकडे बघितलंस.

मला तेव्हा कळलं, तू मला कशाला आणलं होतंस.

आणि मी म्हणालो, "झालं ना? चल आता, ऊन लागतंय."

तू काच वर केलीस. घरी आल्यावर चहा ठेवलास. मला अर्धाच कप द्यायचीस, पाण्याचं माप असायचं म्हणून. त्या दिवशीही बरोबर अर्धाच दिलास.

किती सोपं होतं, आक्का. "चुकलं माझं" एवढे दोन शब्द. छापखान्यात मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून लाल पेनानं गोल करत आलो. स्वतःच्या वाक्याला गोल करायला जमलं नाही. सात महिन्यांत कितीदा जिभेवर आलं. त्या पुलाखालून जाताना तर दरवेळी यायचं. मग वाटायचं, आता कशाला जुनं उकरून काढायचं? खरं सांगू? मला वाटायचं, मी आधी जाणार आहे. मरताना सांगेन. माझं सगळं तसंच ठरलेलं होतं. घरात सगळ्यांचं तसंच ठरलेलं होतं. रूपा मला भेटून पुण्याला निघाली की डोळे पुसायची, ते माझ्यासाठी. तुझ्याकडे बघून कुणी डोळे पुसले नाहीत.

तो शनिवार मला लिहायचा नव्हता, पण लिहितो.

सकाळी तू डावा खांदा चोळत होतीस. म्हणालीस, "अवघडलाय." मी म्हणालो, "चाकावर एवढी वाकून बसतीस, दुसरं काय होणार?" गाडीत तुला घाम आला होता. मी एसी वाढवला आणि मलाच थंडी वाजली म्हणून तू तो बंद केलास. दीड तास झाल्यावर तू आत आलीस, माझ्या पायावरची चादर सारखी केलीस आणि म्हणालीस, "मी जरा खाली गाडीत टेकतो. पित्त झालंय." मी मोबाईलमध्ये काहीतरी बघत होतो. काय बघत होतो ते आता आठवत नाही. मान वर न करता मी "हं" म्हणालो.

तुझ्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द तो. तो शब्दसुद्धा नाही.

मशीन संपलं. सुया काढल्या. तू आली नाहीस. सिस्टरनीच कापूस दाबून धरला. मी तुला फोन लावला, तीनदा. आणि मला राग आला, आक्का. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी मनात म्हणालो, कुठं उलथलीय ही? मग गेटवरचा वॉचमन वर आला आणि त्यानं दारातूनच विचारलं, "खाली पांढऱ्या गाडीतल्या बाई कुणाच्या?"

मी जिन्यावरून उतरलो तेव्हा तुला स्ट्रेचरवर घेत होते. माझ्या हातातून पुन्हा रक्त यायला लागलं होतं, शर्टाची बाही भिजली होती, म्हणून दोघंजण मलाच धरायला धावले. मी ओरडत होतो की मला नको, तिला बघा. त्यांनी बघितलं. खूप वेळ प्रयत्न केले त्यांनी. मग थांबले. तू चाकावर डोकं टेकून कधी गेलीस हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. मी दोन मजले वर होतो. मशीन माझं रक्त धूत होतं.

माती झाली त्या दिवशी दारात बसलेल्या बायांत कुणीतरी म्हणालं, "जायचा त्यो राह्यला." आवाज खाली करून म्हणाली, पण आपल्याकडचा खालचा आवाज म्हणजे काय, तुला माहीत आहे. मला तिचा राग आला नाही. मीही तेच म्हणत होतो.

शेजाऱ्यांनी दोन आठवडे मला रिक्षानं नेऊन आणलं. मग या मंगळवारी मी दार उघडलं नाही. गुरुवारीही नाही. पाय सुजले, आडवं झालं की दम लागायला लागला. मी काही ठरवून केलं असं नाही. फक्त उठण्याचं कारण सापडेना. तू बाहेरच्या बाकावर नसताना चार तास त्या खुर्चीत पडून काय करायचं? तू तीन वर्षं मला जगवलंस, आणि त्याची एवढी किंमत होती हे आधी कळलं असतं, तर मी पहिल्याच महिन्यात नको म्हणालो असतो. माझं ऐकलं असतंस का? नसतंस ऐकलं.

काल दाजी वर आले. फाउंड्रीतून आले होते, अंगाला साच्यांची काळी वाळू तशीच. मला ते कायम 'पावणं' म्हणतात, थट्टेनं. काल थट्टा नव्हती.

"उठा पावणं. चला."

"दाजी, नको. राहू दे आता."

ते खाटेच्या कडेला बसले.  मग म्हणाले, "शिफ्ट सुटली की मी कुठं जाऊ? ह्या घरात एकटा काय करू? सांगा की." त्यांनी ते विनवून म्हटलं नाही, खरंच विचारलं.  मी चप्पल शोधायला लागलो.

तू गेलीस त्या रात्री पुण्याहून आलेल्या रूपानं गाडी दवाखान्यातून घरी आणून लावली होती, त्यानंतर कुणी हलवली नव्हती. रूपा तुझ्याच उंचीची. दाजी चाकासमोर बसले तर त्यांचे गुडघे डॅशबोर्डला लागले, छाती स्टीअरिंगला. सीट तुझ्या मापावर होती. मला वाटलं, ते सीट मागं सरकवतील. त्यांनी खाली हात नेला, लिव्हर धरली आणि सोडून दिली. तसेच आवळून बसून त्यांनी गाडी काढली. उचगाव येईपर्यंत दर गिअरला त्यांचं कोपर माझ्या हाताला लागत होतं. क्लचवरून पाय काढताना गुडघा चाकाला अडकत होता.  

पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली.

"पावणं," ते समोर बघतच म्हणाले, "असं चालवून तुमास्नी कायतरी हुईल. सरकवू का?"

ते मला विचारत होते. तुझा नवरा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, माझी परवानगी मागत होता.

"सरकवा," मी म्हणालो.

त्यांनी लिव्हर ओढली, पायानं रेटा दिला. सीट कटकट करत मागं गेली आणि खाचेत बसली. त्यांचे पाय सुटे झाले. त्यांनी तोंडावरून एकदा हात फिरवला, काळी वाळू ओली होऊन गालाला लागली. मागून कुणीतरी हॉर्न मारत होतं.

त्यांनी गाडी काढली.